कमी बजेटमध्ये मॅन्युअल सेफ्टी असलेलं पहिलं पिस्तूल घ्यायचंय, कोणतं घ्यावं? मित्र म्हणतात सेफ्टीची गरजच नसते, ते खरं आहे का?

मित्रांचं ऐकू नका, निदान या बाबतीत तरी. मॅन्युअल सेफ्टी म्हणजे हाताने लावायचा-काढायचा छोटा खटका. तो लावलेला असला की ट्रिगर दाबला तरी गोळी सुटत नाही. परवाना, रेंजचे (गोळीबाराच्या सरावाच्या जागेचे) नियम, प्रत्येक पिस्तूल भरलेलंच समजायचं, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढे लिहितोय.

'बोट हीच खरी सेफ्टी' हे वाक्य माझे साडूभाऊ येताजाता ऐकवतात. त्यांच्याकडे ग्लॉक आहे. पिस्तूल उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने ते १९८२ मध्ये घेतलं तेव्हापासून निम्म्या जगाने त्याची नक्कल केली. आत तीन सेफ्ट्या आहेत, हेही खरं. पण त्या तिन्ही ट्रिगर मागे गेला की आपोआप सुटतात. खाली पडलं तर गोळी सुटणार नाही, एवढी हमी त्या देतात. ट्रिगर बोटाने ओढला की कशात तरी अडकून ओढला गेला, हे पिस्तुलाला कळत नाही.

एकदा आम्ही दोघं रेंजवर होतो. माझं पिस्तूल सेकंडहँड सीझेड ७५. जुनं, वजनदार, हॅमरवालं (मागे चढून गोळी उडवणारा ठोका असलेलं), आणि फ्रेमवर, म्हणजे खालच्या न हलणाऱ्या सांगाड्यावर, डाव्या बाजूला सेफ्टीचा खटका. साडू त्याला 'आजोबा' म्हणतात. त्या दिवशी गंमत म्हणून त्यांनी ते माझ्या होल्स्टरसकट कमरेला लावलं. माझी एकच अट होती: होल्स्टरमध्ये जाताना खटका वर, म्हणजे सेफ्टी चालू. कुरकुरत का होईना, त्यांनी मानली. पाच-सहा गोळ्या बऱ्यापैकी मारल्या, खटका वर केला आणि माझ्याकडे बघून बोलत बोलत पिस्तूल आत सरकवलं. ते अर्ध्यावर अडलं. माणूस अशा वेळी काय करतो? जोर लावतो. यांनीही लावला. तेवढ्यात रेंज ऑफिसर ओरडला, "हात काढा! काहीही हलवू नका!"

त्यांच्या विंडचीटरच्या खालच्या कडेला आवळायची दोरी होती आणि तिच्या टोकाला ते प्लॅस्टिकचं बटण असतं ना, दाबून सरकवायचं, ते होतं. ते बटण ट्रिगरगार्डच्या आत जाऊन बसलं होतं. ट्रिगर त्याच्यावर घट्ट टेकला होता आणि दोरी ताणलेली. हॅमर मागे चढलेला, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, गोळी, नळी त्यांच्याच मांडीच्या दिशेने. मध्ये होता फक्त तो खटका. ऑफिसरने आधी होल्स्टर पट्ट्यासकट सोडवलं आणि मग दोरी कापली.

यावर साडूंचं म्हणणं: "माझं पिस्तूल असतं तर मी बघून ठेवलं असतं." असतील बघत. त्या दिवशी नाही बघितलं, आणि बोट तर ट्रिगरच्या आसपासही नव्हतं. बोट शिस्तीत सरळ होतं, तरी ट्रिगर दाबला गेला. मग 'बोट हीच सेफ्टी' या वाक्याचं करायचं काय?

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र खोडून काढावा लागतो, कारण तुमचे मित्रही तोच सांगत असणार: ऐन वेळी खटका काढायला विसरशील. गाडी चालवताना गिअर बदलायच्या आधी क्लच दाबायचं कोणी विसरतं का? सवयीने पाय जातोच. तसंच पिस्तूल निशाण्याकडे पुढे जात असताना अंगठा खटका खाली करतो आणि मग तिथेच, खटक्यावर टेकून राहतो. रिकामं पिस्तूल, खोलीत एकही खरी गोळी नाही, चेंबरमध्ये डमी काडतूस, आणि रोज थोडा वेळ हा सराव. हा सराव करणार नसाल तर साडू बरोबर आहेत, असं नाइलाजाने म्हणावं लागेल.

आता खटका कुठे असावा ते बघा, कारण माझ्या मते ब्रँडपेक्षा हे महत्त्वाचं. फ्रेमवरचा, खाली दाबला की फायर, वर केला की सेफ: कोल्ट १९११ पासून हीच पद्धत आहे आणि अंगठ्याला हीच नैसर्गिक वाटते. बेरेटा ९२ चा खटका स्लाइडवर (वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागावर) असतो आणि उलटा चालतो, खाली म्हणजे सेफ. घाईत वरून मूठ घालून स्लाइड ओढली तर तो नकळत खाली बसू शकतो. मकारोवचाही स्लाइडवरच, पण दिशा पुन्हा वेगळी. पहिलंच पिस्तूल असेल तर फ्रेमवरचाच घ्या, डोक्याला ताप नको. स्वस्तात टोकारेव्हच्या, म्हणजे टीटी-३३ या जुन्या सोव्हिएत पिस्तुलाच्या, नकला दिसतील, त्या टाळा. मूळ टीटी-३३ ला असा खटका नव्हताच, नुसती हॅमर अर्धा चढवून ठेवायची खाच होती. काही निर्यातीच्या पिस्तुलांवर जो खटका दिसतो तो मागाहून बसवलेला.

नावंच हवी असतील तर टॉरस जी३सी, रुगर सिक्युरिटी-९, स्मिथ अँड वेसन शील्ड. शील्ड सेफ्टीसह आणि सेफ्टीशिवाय अशी दोन्ही प्रकारची मिळते, त्यामुळे विचारून घ्या. तिचा खटका चपटा आणि बारीक आहे, जाड अंगठ्याला सापडत नाही. रुगरमध्ये आत हॅमर आहे आणि स्लाइड ओढायला हलकी, मनगटात फार जोर नसेल तर ती बघा. जरा वजन चालत असेल तर सेकंडहँड सीझेड ७५, पण ते मी सांगणारच. 'सेफ्टी नवशिक्यांना लागते' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की अमेरिकी लष्कराने २०१७ मध्ये निवडलेल्या सिगच्या एम१७ ला बाहेर खटका आहे, आणि त्याच निवडीच्या स्पर्धेत खुद्द ग्लॉकनेही खटका बसवलेलं पिस्तूल उतरवलं होतं.

सेकंडहँड हॅमरवालं घेताना: मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. हॅमर चढवा, सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबा, सोडा. सेफ्टी काढा. हॅमर पडला तर तिथेच परत द्या. नाही पडला तर कानाजवळ धरून, नळी सुरक्षित दिशेला, हॅमर हळूच मागे ओढा. बारीकसा 'टक' ऐकू आला तर सेफ्टी लावलेली असतानाही आतला सीअर (हॅमरला अडवून धरणारा भाग) हलला होता. तेही नको.

राहिलेलं थोडं. डावखुरे असाल तर वरची तिन्ही नावं विसरा, त्यांचा खटका फक्त डाव्या बाजूला असतो. दोन्ही बाजूंना खटका असलेलं सिग पी३६५ बघा, महाग पडेल. रिव्हॉल्व्हर घेतलं तर हा सगळा प्रश्नच येत नाही, लांब आणि जड डबल ॲक्शन ट्रिगर (एकाच ओढीत हॅमर चढवून सोडणारा) हीच त्याची राखण. खटका यांत्रिक वस्तू आहे, झिजतो, म्हणून तो लावलाय या भरवशावर कुणाकडे नळी करायची नाही. घरात मुलं असतील तर सेफ्टीवर विसंबू नका, कुलपाची पेटी घ्याच.

आणि पैसे कमीच असतील तर पिस्तुलात थोडे वाचवून होल्स्टर चांगलं घ्या, कडक, ट्रिगरगार्ड पूर्ण झाकणारं. कापडी मऊ होल्स्टर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका.