अंडी सोडली, शेंगदाणे सोडले, तरी कोलेस्टेरॉल का उतरेना?

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या मेदांच्या तपासणीचा, कागद हातात पडला की आमच्याकडचा माणूस सर्वांत आधी अंडे सोडतो, मग शेंगदाणे, मग तूप. आणि तीन महिन्यांनी आकडा तिथेच दिसला की ‘आता खायचे तरी काय?’ असे विचारत समुपदेशनाला येतो. लातूरला आहार-समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला इतक्या वेळा आणि इतक्या काकुळतीने विचारला गेला आहे की, त्याचे उत्तर एका प्रत्यक्ष अनुभवाच्या आधारे सविस्तर द्यावे असे वाटले. संबंधितांची ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ सत्तेचाळीस वर्षांचे, एका आडत दुकानात मुनीम. दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे मार्केट यार्डात सोयाबीनच्या आवकेचे दिवस, त्यामुळे सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत गादीवर बसून हिशेब, आणि हालचाल म्हणाल तर काट्यापर्यंत जाऊन परत येण्याइतकीच. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा मानतात आणि स्त्रियांसाठी ८०. एकूण कोलेस्टेरॉल २३८, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १५२, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातला आणखी एक मेद) २५०, उपाशीपोटीची साखर १०८. थायरॉइड मंदावले तरी कोलेस्टेरॉल वाढते, म्हणून डॉक्टरांनी ती तपासणी आधीच करून घेतली होती. ती व्यवस्थित होती.

‘‘मॅडम, सगळं सोडलं की मी. अंडं सोडलं, शेंगा सोडल्या, भाकरी सोडली. आता निस्तं पाणी पिऊ का?’’ असे ते म्हणाले, तेव्हा आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. तीन महिन्यांच्या या त्यागानंतर एलडीएल जवळजवळ तेवढेच राहिले होते आणि ट्रायग्लिसराइड मात्र १९० वरून २५० वर गेले होते. मधल्या काळात कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी दोन आठवडे फक्त फळांचा रस आणि डब्यातली पावडर घेऊन पाच किलो वजन उतरवलेही होते. ते दीड महिन्यात परत आले आणि वर एक किलो अधिक घेऊन आले.

हिशेबाच्या माणसाला हिशेबाच्याच भाषेत सांगितलेले पटते, म्हणून मी त्यांना आठ दिवसांची खाण्याची रोजकीर्द लिहायला सांगितली. तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट, वेळेसह, आणि कोणाला दाखवायची आहे हे विसरून. त्यांनी ती अत्यंत प्रामाणिकपणे लिहिली, आणि पुढचे सगळे काम तिने सोपे केले.

तिच्यात अंडे नव्हतेच. पण दुकानावर येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याबरोबर एक असा दिवसाकाठी सात वेळा चहा होता. लहान कप म्हटला तरी प्रत्येकात दीड चमचा साखर धरली, तर केवळ चहातून सुमारे पन्नास ग्रॅम साखर पोटात जात होती. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवावी असे सुचवते, म्हणजे नुसत्या चहानेच त्या मर्यादेच्या दुप्पट साखर होत होती. चहाबरोबर सकाळी खारी, दुपारी टोस्ट. शेंगदाणे बंद झाल्यामुळे चार वाजता भूक लागली की फरसाण. भाकरीऐवजी सकाळी पाकिटातले मसाला ओट्स, ज्याने दोन तासही भूक थांबत नव्हती. गुरुवार आणि शनिवार असे दोन उपवास, आणि त्या दोन्ही दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि केळी. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्या घरांत हसत म्हटली जाते, परंतु साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात तेल आणि दाण्याचे कूट, आणि उपवास म्हणून भरून घेतलेली ताटली. आठवड्यातले हे दोन दिवस त्यांच्या खाण्यातले सर्वांत जड दिवस होते.

येथे कोलेस्टेरॉलविषयीचा मूळ गैरसमज नीट समजून घेतला पाहिजे. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असते. शेंगदाण्यात, करडईत, जवसात, कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात ते नसतेच, त्यामुळे तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे छापलेले असते त्यात त्या तेलाचे वेगळे कर्तृत्व काही नाही. अंड्याच्या पिवळ्या बलकात साधारण १८० ते १९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते हे खरे. पण रक्तातले बहुतांश कोलेस्टेरॉल आपले शरीरच, मुख्यतः यकृत, तयार करते, आणि बाहेरून जास्त आले की बहुतेकांच्या शरीरात आतले उत्पादन काही प्रमाणात कमी होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ मध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला तीनच बलक अशी मर्यादा सांगितली आणि ती जगभर घरोघरी पोचली. पुढे २०१५ च्या अमेरिकी आहार-मार्गदर्शक सूचनांतून ३०० चा तो आकडा वगळण्यात आला, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी पोचली नाही. याचा अर्थ रोज चार-चार अंडी खावीत असा नव्हे. काही जणांच्या रक्तावर आहारातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम इतरांपेक्षा जास्त होतो, आणि मधुमेह किंवा खूप वाढलेले एलडीएल असेल तर बलकाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

एलडीएल वाढवण्यात अंड्यापेक्षा मोठा वाटा असतो तो संपृक्त मेदाचा (सॅच्युरेटेड फॅट) आणि त्याहून घातक अशा, तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या ट्रान्स मेदाचा. खारी, टोस्ट, नानकटाई यांना खुसखुशीतपणा येतो तो वनस्पती तुपामुळे किंवा पामपासून केलेल्या घट्ट मेदामुळे. भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स मेदावर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, ही मोलाची गोष्ट आहे. तरी पामतेलातला जवळपास निम्मा मेद संपृक्तच असतो आणि तो खारीत राहतोच. ट्रायग्लिसराइड मात्र साखर, मैदा, साबुदाणा, फळांचा रस, मद्य आणि पोटावरची चरबी यांच्यामुळे वाढतात. या गृहस्थांनी अंडे आणि शेंगदाणे सोडून नेमके हेच पदार्थ वाढवले होते. त्यांची इच्छाशक्ती कमी पडली असे मी मुळीच म्हणणार नाही. ती चुकीच्या पदार्थांवर खर्च झाली, आणि याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण तीन महिने आवडीचे खाणे सोडणे ही लहान गोष्ट नाही.

दोन आठवड्यांत पाच किलो उतरले ते कसे, हेही त्यांना सांगणे भाग होते, कारण त्यांच्या मनात तोच उपाय पुन्हा करण्याचे घोळत होते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन (शरीराची राखीव साखर) साठवलेले असते आणि त्याच्या सुमारे तिप्पट पाणी त्याच्याबरोबर बांधलेले असते. खाणे एकदम तोडले की हा साठा आणि त्याबरोबरचे पाणी आधी जाते, काट्यावर दोन किलो कमी दिसतात आणि माणूस हरखतो; त्यापुढे चरबीबरोबर स्नायूही झिजतात. नेहमीचे जेवण सुरू होताच पाणी परतते, परंतु झिजलेले स्नायू तितक्या सहज परतत नाहीत. शिवाय फार झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. म्हणून आठवड्याला पाव ते अर्धा किलो, आणि सहा महिन्यांत मूळ वजनाच्या पाच ते सात टक्के, एवढेच उद्दिष्ट आम्ही धरले. आकडा लहान दिसतो, पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हेच उद्दिष्ट होते, आणि त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले.

दुसऱ्या भेटीला त्यांच्या पत्नीनेही यावे असा मी आग्रह धरला. जो माणूस स्वयंपाक करत नाही त्याच्याशी एकट्याशी आहाराविषयी बोलून फारसे साधत नाही. त्या बाई पहिल्यांदा जरा नाराजच होत्या. ‘‘ह्यांच्यासाठी येगळं, सासूबाईंसाठी येगळं, लेकरांसाठी येगळं, मी दिवसभर चुलीपुढंच बसू का?’’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि पथ्याचा तक्ता हातात देणाऱ्यांनी तो आधीच स्वतःला विचारायला हवा असे मला वाटते. त्यांना मी सांगितले की काहीही वेगळे शिजवायचे नाही. घरात जे शिजते त्यातच फरक करायचा. पाच माणसांच्या त्या घरात महिन्याला सहा लिटर तेल लागत होते, म्हणजे माणशी दिवसाला ४० मिलिलिटर. ते साडेतीन लिटरवर आणायचे, म्हणजे माणशी २३ मिलिलिटर होते. महिन्याचे तेल एका वेगळ्या डब्यात काढून ठेवायचे आणि फोडणी पळीने न घालता चमच्याने घालायची, एवढीच युक्ती त्यांनी वापरली. हे आपोआप जमले नाही. पहिल्या महिन्यात तेल विसाव्या दिवशीच संपले, आणि भाजीवर तर्री दिसेना म्हणून मुलांनी कुरकुर केली. तिसऱ्या महिन्यापर्यंत जिभेला सवय झाली.

भाकरी परत आली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान मी पाहिले आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण दहा ग्रॅम तंतू असतात, पोट भरल्यासारखे राहते, आणि ज्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीचे ‘परभणी मोती’सारखे वाण दिले त्या मराठवाड्यात माणसाने ज्वारी सोडून पाकिटातले ओट्स शोधत फिरावे याची खरोखर गरज नाही. मात्र ज्वारीने वजन उतरते म्हणून कितीही खावी, हाही भ्रमच आहे. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातल्या उष्मांकांत फारसा फरक नाही. म्हणून तीनऐवजी दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी-हुलग्याची उसळ, आणि मेथी, शेपू, तांदुळजा, अंबाडी यांपैकी जी पालेभाजी बाजारात असेल ती पूर्वीच्या दुप्पट, असे ताट ठरले. चार वाजता फरसाणाऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. मूठभर म्हणजे तीस ग्रॅम, कारण शेंगदाणा चांगला असला तरी तेवढ्यातही १७० उष्मांक असतात. आठवड्यात तीन उकडलेली अंडी बलकासह. तूप वरणावर एक चमचा, त्याहून अधिक नाही. तुपात संपृक्त मेद साठ टक्क्यांच्या वर असतो, आणि ते घरचे असले म्हणून त्यात फरक पडत नाही. चहा सातांवरून तीनवर आला, तोही बिनखारीचा. दुकानात चहा नाकारणे म्हणजे समोरच्याचा मान न राखणे, ही त्यांची अडचण खरी होती. त्यांनी स्वतःच मार्ग काढला आणि पाहुण्याला चहा, स्वतःला ताक असा प्रघात पाडला. उपवास त्यांनी सोडावेत असे मी सुचवलेही नाही, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग होता. साबुदाण्याच्या जागी थोडी भगर, राजगिरा, ताक आणि एखादे फळ आले.

वेळा अमावस्या, म्हणजे शेतात जाऊन पूजा आणि जेवण करण्याचा आपल्याकडचा सण, जवळ आली तेव्हा त्यांनी शेतावर जाणेच टाळावे का, असे विचारले. मी त्यांना अवश्य जायला सांगितले. हिरव्या तुरीचे दाणे, वाल, हरभऱ्याचा पाला, मेथी अशा कितीतरी गोष्टी घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, हे आपल्या भागातले उत्तम जेवण आहे आणि ते आनंदाने खावे. त्यांना त्रास पदार्थांचा होणार नव्हता, आग्रहाचा होणार होता. आपल्याकडे वाढणाऱ्याने तीनदा विचारले नाही तर त्याला कमीपणा वाटतो, आणि घेणाऱ्याने नाही म्हटले तर त्याला उद्धटपणा वाटतो. यावर आम्ही बराच वेळ बोललो. ताटात पहिल्यांदा मुद्दाम कमी घ्यायचे, म्हणजे आग्रहाखातर घेतलेले धरूनही ते बेताचेच राहते, हे त्यांना जमले.

चालणे पहाटे अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. फेब्रुवारीपर्यंत सहा किलो उतरले आणि मग एप्रिलच्या उन्हात आणि लग्नसराईत वजन महिनाभर हलेना. वजन उतरत गेले की शरीराची उष्मांकांची गरजही कमी होते, त्यामुळे असा थांबा जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतो. बरेचजण नेमके तेव्हाच हात टेकतात. त्या महिन्यात मी त्यांना वजन करू नका, कंबर मोजा असे सांगितले. ती दोन सेंटिमीटरने कमी झाली होती.

सहा महिन्यांनी वजन ७७.५ किलो, कमर ९६, ट्रायग्लिसराइड १६५, एचडीएल ४०, एलडीएल १२८, एकूण कोलेस्टेरॉल २०१, साखर ९७. तरीही त्यांच्या डॉक्टरांनी स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीची) लहान मात्रा सुरू केली, कारण वडिलांना बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता; आणि वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत असा झटका आला असेल, तर त्या माणसाचा धोका केवळ एलडीएलच्या आकड्यावरून मोजत नाहीत. गोळी मिळाल्याचे सांगताना ते हिरमुसले होते, सहा महिन्यांचे कष्ट वाया गेले असे त्यांना वाटले. तसे नाही हे मी त्यांना ट्रायग्लिसराइड, साखर आणि कंबर या तीन नोंदी दाखवून समजावले: हे काम खाण्याने आणि चालण्याने झाले होते, गोळी प्रामुख्याने एलडीएलवर काम करेल, आणि गोळी आहे म्हणून खारी परत आणली तर साखर आणि कंबर दोन्ही मागच्या जागी जातील. आता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रक्ततपासणी आहे. गोळी कमी करायची की चालू ठेवायची हे डॉक्टर ठरवतील. महिन्याचे तेल अजूनही त्याच वेगळ्या डब्यातून निघते, आणि त्यांच्या पत्नीने आता स्वतःचेही लिपिड प्रोफाइल करून घेतले आहे.