स्नायू, न्यूरॉन आणि नारू

प्रश्न असा: नागपूरच्या अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'व्यायामात स्नायू पाठीच्या कण्यातून संदेश नेतात, म्हणून रक्तदाब वाढतो' असा मजकूर आलाय. यातला स्नायू कोणता?

हिंदीतला. तिकडे 'स्नायु तंत्र' म्हणजे मज्जासंस्था. आपला स्नायू म्हणजे त्यांची मांसपेशी. नागपुरात हिंदी मजकूर ऱ्हस्व-दीर्घ बदलून मराठी म्हणून खपवतात, त्याचा मला मनस्वी संताप येतो. इथे तर अर्थच फिरला. स्नायू संदेश नेत नाहीत, त्यांच्याकडून तो निघतो. राबत्या स्नायूतला ताण आणि तिथे तयार होणारी रसायनं बारीक चेतातंतूंना चेतवतात. हे तंतू मेरुरज्जूत शिरतात (कणा नव्हे; कणा म्हणजे हाडं, मेरुरज्जू म्हणजे त्यांच्या आतली चेतातंतूंची दोरी). तिथून खबर मेंदूच्या बुंध्याकडे चढते आणि हृदय-रक्तवाहिन्यांसाठीचा हुकूम मेरुरज्जूतूनच खाली येतो. आलम आणि स्मर्क या संशोधकांनी १९३७ साली दाखवलं, की राबलेल्या अवयवाचा रक्तप्रवाह पट्टा आवळून अडवला तर व्यायाम थांबल्यावरही रक्तदाब चढलेलाच राहतो. पट्टा सोडला की उतरतो.

आता खरी गंमत. संस्कृत स्नायु म्हणजे ना मांस, ना नस (म्हणजे चेतातंतू); बांधणारा चिवट तंतू. सुश्रुत ९०० स्नायू मोजतो, पेशी, म्हणजे मांसपेशी, वेगळ्या ५००. फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या की नाव भार पेलते, तसं शरीर स्नायूंमुळे पेलतं, असं तो म्हणतो. याच्याच बळावर संस्कृतनिष्ठ मंडळी मराठी अर्थ अशुद्ध ठरवतात. मला हे साफ अमान्य आहे. ग्रीक 'न्यूरॉन' स्नायूच्याच कुळातला, त्याचाही जुना अर्थ चिवट तंतू, धनुष्याची दोरी. तो नसेकडे सरकला, आपला मांसाकडे. एक शास्त्रीय आणि दुसरा अडाणी, हा कुठला न्याय?

आणि याच घरातला तिसरा भाऊ म्हणजे नारू! पायातून दोऱ्यासारखा निघणारा तो जंत. २००० साली भारत त्यातून मुक्त जाहीर झाला. आयुर्वेदात त्याचं नाव स्नायुक, पालीत स्नायूला न्हारु, आणि न्हारुचा नारू. कोणी हा शब्द 'नाडी'वरून काढतात. त्यांनी आधी या न्हारुची वाट लावून दाखवावी.