चीनमध्ये विद्यापीठाचा कुलगुरू थेट मंत्री कसा होतो? चेन जिनिंग यांचं उदाहरण

पर्यावरणाचे प्राध्यापक चेन जिनिंग शांघायचे पक्षसचिव (म्हणजे तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख, महापौराच्याही वरचे) कसे झाले, चीनमध्ये विद्वानांची एवढी कदर होते का, असं तुम्ही विचारलंय. चिनी राजकारण मी नेमाने वाचतो. माझ्या मते ते विद्यापीठ सोडून राजकारणात गेलेच नाहीत, कारण ते जिथे होते ते बीजिंगचं त्सिंग्हुआ विद्यापीठ हीच पक्षाच्या शिडीतली एक पायरी आहे.

तिथल्या तीसेक निवडक विद्यापीठांचे अध्यक्ष (म्हणजे आपले कुलगुरू) आणि पक्षसचिव यांना उपमंत्र्याचा दर्जा असतो. त्यांची नेमणूक वरून, पक्षाकडून होते. त्यामुळे २०१२ मध्ये त्सिंग्हुआचे अध्यक्ष झालेले चेन २०१५ मध्ये पर्यावरणमंत्री झाले, तेव्हा फक्त एक पायरी वर चढले. त्सिंग्हुआचेच एके काळचे पक्षसचिव आणि शी चिनफिंग यांचे वर्गमित्र चेन शी तर पुढे पक्षाच्या संघटन विभागाचे प्रमुख झाले. कुणाला कुठलं पद द्यायचं, हे बघणारं खातं ते हेच!

चेन जिनिंग यांचा अभ्यास मात्र खरा. जन्म १९६४ चा, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून १९९३ मध्ये पीएचडी, १९९८ मध्ये मायदेशी परत, मग विभागप्रमुख, उपाध्यक्ष, अध्यक्ष.

मंत्री झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी २०१५ ला, पत्रकार चाय जिंग यांचा धुरक्यावरचा माहितीपट इंटरनेटवर आला आणि कोट्यवधी लोकांनी पाहिला. चेन यांनी त्यांना आभाराचा मेसेज पाठवला, जाहीर कौतुकही केलं. आठवडाभरात तो माहितीपट चिनी साइटवरून काढून टाकण्यात आला. ७ मार्चला संसद अधिवेशनातल्या पत्रकार परिषदेत हवेच्या प्रदूषणावर ते भरपूर बोलले, पण माहितीपटाचा उल्लेखही केला नाही. माझ्या लेखी त्यांच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात बोलका प्रसंग. विषयातलं सगळं कळणारा माणूस कुठे थांबायचं तेही शिकून आला होता.

२०१७ मध्ये ते बीजिंगचे प्रभारी महापौर झाले, २०१८ मध्ये कायम. शहराच्या हवेतल्या पीएम २.५ (म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या अतिसूक्ष्म) कणांची वार्षिक सरासरी २०१७ मध्ये घनमीटरला ५८ मायक्रोग्रॅम होती, ती २०२१ मध्ये ३३ वर आली. हे श्रेय एकट्याचं नाही, पण काम झालं, हे मान्य करायलाच हवं. त्याच काळात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, दाशिंग भागातल्या आगीत १९ जण गेले आणि त्यानंतर भर थंडीत हजारो स्थलांतरित मजुरांना घरं रिकामी करायला लावली. प्रमुख निर्णय पक्षसचिव त्साय ची यांच्या हातात असले, तरी महापौर म्हणून चेन यांनाही यातून सुटका नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ते पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांच्या छोट्या मंडळात, आले आणि लगेच शांघायचे पक्षसचिव झाले. पुढे देशाचे सर्वोच्च नेते झालेले जियांग झेमिन आणि शी चिनफिंग, पंतप्रधान झालेले ली च्यांग, हे सगळे याच खुर्चीवर बसून गेलेले. चेन लियांगयू मात्र याच पदावरून २००६ मध्ये भ्रष्टाचाराच्या प्रकरणात बडतर्फ झाले. नवं नेतृत्व ठरवणारं पुढचं पक्ष अधिवेशन २०२७ मध्ये आहे, तेव्हा चेन जिनिंग ६३ वर्षांचे असतील.