जाऊबाईंचं सिझर आणि माझं सिझर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही देवगडकडचे. माझं सिझर होऊन आज २२ दिवस झाले, पहिलीच वेळ, मुलगी झाली. दीड दिवस कळा दिल्या, पाणी आदल्या दिवशीच गेलेलं, शेवटी रात्री दोनला बाळाचे ठोके कमी झाले म्हणून घाईघाईत ऑपरेशन केलं. सहाव्या दिवशी टाक्यातनं पाणी यायला लागलं, रोज ड्रेसिंग करावं लागलं, आता सुकलंय. जाऊबाईंचं गेल्या वर्षी रत्नागिरीला झालं, तारीख ठरवून, टाके विरघळणारे, आठव्या दिवशी त्या घरभर फिरत होत्या. सासूबाई तशा प्रेमळ आहेत पण रोज एकदा तरी म्हणतात की तिचं चांगलं शिवलं, तुझं बिघडवलं, नाहीतर तूच बाऊ करतेस. मला अजून कुशीवर वळताना कळ येते. खरंच शिवण्यात एवढा फरक असतो का? की माझंच काही चुकलं?

उत्तर : तुझं काहीही चुकलेलं नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं.

शिवण्यात फरक असतो का, तर असतो, पण सासूबाईंना बाहेरून जो दोरा दिसतो तो सगळ्यात वरचा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा. आत काय काय होतं ते सांगते. आधी कातडी, मग चरबी, मग एक पांढरा चिवट पडदा असतो, पोटाची खरी ताकद त्याच्यात, त्याच्या खाली पोटाचे दोन उभे स्नायू, मग पोटाचं पातळ अस्तर आणि मग गर्भाची पिशवी. आपल्याकडे बायका म्हणतात ना "सात पदर कापले", त्यातले स्नायू सहसा कापतच नाहीत, दोन बाजूंना सारतात. आडवा छेद आता बहुतेक सगळीकडे घेतात. जर्मनीच्या फानेनस्टील नावाच्या डॉक्टरांनी तो १९०० साली मांडला, खाली, किंचित वळणदार. नंतर १९७२ मध्ये जोएल-कोहेन यांनी थोडा वरचा, सरळ छेद सांगितला आणि त्यांची खरी गंमत अशी की सुरी कमी चालवायची, मध्ये छोटा छेद घेऊन बाकीचं बोटांनी ताणून उघडायचं, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा कापल्या न जाता बाजूला सरकतात. जेरुसलेमच्या मिसगाव लादाख हॉस्पिटलमध्ये मायकल स्टार्क यांनी त्यावरूनच पूर्ण पद्धत बसवली, पिशवी एका थरात शिवायची, अस्तर शिवायचंच नाही, ते आपोआप जुळतं. या पद्धतीत ऑपरेशनला वेळ कमी लागतो, रक्त कमी जातं, ताप आणि दुखणंही जरा कमी, असं अभ्यासांमधून दिसलंय.

आता तू म्हणशील की मग माझ्या डॉक्टरांनी कुठली पद्धत वापरली कोण जाणे. तर ऐक, भारतासकट सात देशांत १५ हजारांहून जास्त बायकांवर कोरोनिस नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१३ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात आला. बोटांनी उघडा की सुरीने, पिशवी बाहेर काढून शिवा की आतच, एका थरात की दोन थरांत, अस्तर शिवा की सोडा, दोरा हा वापरा की तो, पहिल्या सहा आठवड्यांतल्या जंतुसंसर्गासारख्या मोठ्या त्रासात फारसा फरकच दिसला नाही, आणि त्याच बायकांना तीन वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हाही नाही. म्हणजे मान्य असलेली कुठलीही पद्धत नीट हाताने केली तर बाई बरी होते.

मग तुझ्यात आणि जाऊबाईंच्यात फरक कशाने पडला? त्या ठरवून गेल्या, उपाशीपोटी, झोप झालेली, पाणी न गेलेलं, पिशवीचं तोंड बंद. तू दीड दिवस कळा काढल्यास. पाणी जाऊन इतके तास झाले, आतून तपासण्याही झाल्या असणार, की जंतू वर चढायला वाव मिळतो, त्यात बाळाचं डोकं खाली उतरलेलं असलं तर ते वर काढताना पिशवीचा खालचा पातळ झालेला भाग जास्त ताणला जातो. असं थकलेलं शरीर आणि ताजंतवानं शरीर, दोघांना एकच घड्याळ लावून कसं चालेल. तुझं सिझर बाळाचा जीव वाचवायला मध्यरात्री केलंय, सासूबाईंना हे वाचून दाखव.

ज्या गोष्टींनी खरंच फरक पडतो त्या कोणाला दिसत नाहीत म्हणून सांगून ठेवते. अँटिबायोटिकचं इंजेक्शन कातडी कापायच्या आधी दिलं तर संसर्ग कमी होतो. वार, म्हणजे बाळ ज्यावर पोसतं तो आतला गोळा, हात घालून न काढता नाळ हलकेच ओढून बाहेर आणली तर रक्त कमी जातं, संसर्गही कमी. चरबीचा थर दोन सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर तो वेगळा शिवावा, नाहीतर तिथे पोकळी राहून पाणी साठतं आणि तुझ्यासारखं मग टाक्यातनं येतं. आणि बाहेर स्टेपलरच्या पिनांपेक्षा दोऱ्याचे टाके उसवायची शक्यता कमी.

पाणी यायचं अजून एक कारण आपल्या हवेत आहे, मी हे पावसाळ्यात सारखं बघते. ओटीपोटाची वळी टाक्यावर पडते, तिथे घाम, त्यात कपडे चार-चार दिवस सुकत नाहीत, चुलीवरच्या दोरीवर टाकलेला ओलसर परकर तसाच नेसला जातो आणि वर घट्ट पोटपट्टी. परवा एका मुलीची पट्टी सोडली तर आतला कापूस पिळला तर पाणी निघेल इतका ओला, टाक्याच्या दोन्ही कडा पांढऱ्या पडून मऊ झालेल्या. आंघोळीनंतर आडवी पड, वळी हाताने वर धर, स्वच्छ सुती कापडाने टिपून घे, चोळू नको, पाच मिनिटं वारा लागू दे आणि मगच नेस.

कुशीवर वळताना कळ येते ती त्या पांढऱ्या पडद्याची. कातडी आठ-दहा दिवसांत जुळते पण त्या पडद्याला सहा आठवड्यांनीही पूर्ण ताकद आलेली नसते, म्हणून विहिरीचं पाणी ओढणं, हंडा, गॅसचा सिलिंडर सध्या अजिबात नको, मुलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. उठताना आधी कुशीवर हो, पाय खाली सोड, मग हाताच्या जोरावर बस. चालणं मात्र रोज हवं, पायात गाठ होत नाही त्याने. ताप आला, टाका लाल-गरम झाला, पू किंवा घाण वासाचं पाणी आलं, अंगावरून खूप जायला लागलं, एकच पोटरी सुजली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता लगेच दाखव.

प्रश्न : गुहागरहून लिहितोय. बायकोचं सिझर दीड वर्षापूर्वी झालं, टाका आडवा आहे, आता पुन्हा दोन महिन्यांची गरोदर आहे. शेजारी म्हणतात आडवा टाका म्हणजे पुढचं नॉर्मल होतं. खरं का?

उत्तर : दादा, बाहेरचा टाका बघून आतलं सांगता येत नाही. कातडीवर आडवा आणि पिशवीवर उभा, असंही होतं, दिवस भरायच्या फार आधी बाळ काढायचं असेल किंवा बाळ आडवं असेल तेव्हा. पिशवीवर खालच्या भागात आडवा छेद असेल तर पुढच्या वेळी कळा सोसताना पिशवी फाटायचा धोका शंभरात एकीपेक्षाही कमी, आणि प्रयत्न करणाऱ्यांपैकी साधारण ६० ते ८० टक्के बायकांची नॉर्मल होते. पिशवीवर वरपर्यंत उभा छेद असेल तर तो धोका बराच जास्त, मग कळांची वाट बघत नाहीत. हे सगळं कुठे लिहिलेलं असतं तर ऑपरेशनच्या नोंदीत, डिस्चार्ज कार्डावर नुसतं "एलएससीएस" असतं, म्हणजे खालच्या भागातला छेद. पण छेद फाटत गेला का, वर वाढवावा लागला का, हे नोंदीतच कळतं. ज्या दवाखान्यात झालं तिथे जाऊन झेरॉक्स मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, आमच्याकडे पावसात भिजून अक्षर गेलेले कागद येतात आणि मग आम्ही अंदाजावर काम करतो.

दोन बाळंतपणांत तुमचं अंतर दोन वर्षांच्या वर पडतंय, ते चांगलं आहे. सोनोग्राफीत वार जुन्या टाक्यावर तर नाही ना हे मुद्दाम विचारा, तिथे ती चिकटून बसली तर फार रक्त जातं. आणि नॉर्मलचा प्रयत्न करायचा तो जिथे रात्रीअपरात्री ऑपरेशन आणि रक्त मिळेल तिथेच, कळा सुरू झाल्यावर पावसात चिपळूण गाठायचं असं ठेवू नका, तारखेच्या आधीच आठ-दहा दिवस कोणा नातेवाइकांकडे तिला जवळ नेऊन ठेवा.

प्रश्न : लेक बाळंतपणाला आलीय, सिझर होऊन १२ दिवस झाले. बांगडा खाल्ला की टाक्यात पू होतो म्हणतात म्हणून पेज आणि लोणचंच देते. टाक्याच्या वरची कातडी बधिर लागते म्हणते, शेक देऊ का? एक आई, वेंगुर्ला.

उत्तर : काकी, बांगडा द्या, पेडवे द्या, नीट शिजवून पोटभर द्या. पू जंतूंमुळे होतो, माशामुळे नाही, उलट जखम भरायला प्रोटीन लागतं आणि ते आपल्या दारात येतं. नुसत्या पेजेवर ती अशक्त होईल आणि दूधही तीच पाजतेय. कुळथाची पिठी, अंडं, आळिवाची खीर, सगळं चालेल, पाणी मागेल तेवढं.

बधिरपणा म्हणजे छेदाबरोबर कातडीच्या बारीक नसा कापल्या गेल्यात, काही महिन्यांत बराच कमी होतो, थोडासा भाग काहींना कायमचा तसाच राहतो, त्रास काही नाही. पण म्हणूनच तिथे शेक नको. तिला चटका बसलेला कळणारच नाही. शेगडीचा शेक घेऊन टाक्याच्या वर मोठा फोड आलेली मुलगी मी पाहिलीय, तिला रात्री कपडे बदलताना फोड दिसला तेव्हा कळलं, टाका बरा झाला आणि भाजल्याची जखम महिनाभर राहिली. कंबरेला हवा तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून द्या, टाक्यापासून लांब, आणि शेगडी त्या खोलीतून बाहेरच काढा, धूर बाळाच्याही छातीत जातो.