दवाखाना नवा झाला, मग डॉक्टर का टिकत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला नवी इमारत मिळाली, पण डॉक्टरांच्या दोन मंजूर पदांपैकी एक दीड वर्ष रिक्त आहे आणि दुसरे डॉक्टर आठवड्यातून तीनच दिवस येतात. सरकारचा एवढा पैसा जातो कुठे, आणि गावाने काय करावं?

जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेवेत माझी सव्वीस वर्षं गेली, त्यातली अकरा डोंगरी भागात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशाचं. प्रत्येक निधी ठरलेल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे ठरावीक कामाच्या नावावर, येतो आणि तिथेच खर्च करावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत देशभराच्या आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपये सुचवले. त्यात ग्रामीण भागासाठी भर होता तो इमारती, तपासण्यांची सोय आणि उपकेंद्रांचं आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर यांवर. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. त्यातून कंत्राटी मनुष्यबळ आणि कार्यक्रम चालतात. नियमित वैद्यकीय अधिकाऱ्याचा पगार मात्र राज्याच्या तिजोरीतून, दर महिन्याला, तो निवृत्त होईपर्यंत. इमारतीला पैसा एकदा लागतो, डॉक्टरला तीस वर्षं. पद भरायला म्हणूनच टाळाटाळ होते, आणि मला याचा आजही संताप येतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी आपल्या खर्चाच्या आठ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्च करावी आणि एकूण आरोग्य खर्चाचा दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला मिळावा, असं लिहून ठेवलं आहे. त्यासाठी आग्रह धरणारा आमदार मी क्वचितच पाहिला.

पण पद भरलं तरी माणूस टिकतोच असं नाही. २००६ साली माझ्या केंद्रावर एक तरुण डॉक्टर बाई रुजू झाल्या. क्वार्टरच्या न्हाणीघराला दार नव्हतं, गोणपाट लावलेलं. पाणी शिपाई विहिरीवरून आणायचा. रात्री वीज गेली की बॅटरीच्या उजेडात बाळंतपण. अकराव्या दिवशी त्या राजीनामा देऊन गेल्या. मला त्यांना थांबा म्हणायची हिंमत झाली नाही.

त्याच सुमारास अभियानातून केंद्राला वर्षाचे पावणेदोन लाख येऊ लागले होते: अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे वापरायचे, २५ हजार, देखभालीचे ५० हजार आणि रुग्ण कल्याण समितीचे, म्हणजे केंद्राचा असा खर्च ठरवणाऱ्या स्थानिक समितीचे, एक लाख. समितीत वाद झाला, काहींना प्रवेशद्वारावर कमान हवी होती. शेवटी न्हाणीघराला लोखंडी दार, हजार लिटरची टाकी, खिडक्यांना जाळ्या आणि इन्व्हर्टर एवढं केलं. पुढच्या डॉक्टर बाई चार वर्षं मुख्यालयी राहिल्या. महिन्याला दोन-तीन होणारी बाळंतपणं वीसच्या घरात गेली. त्यातल्या एका रात्री अडलेल्या बाईला त्यांनी वेळेत ओळखून पुढे पाठवलं. तिचा मुलगा परवा मला एसटी स्टँडवर भेटला.

बंधपत्रावर, म्हणजे शिकल्यावर काही काळ सरकारी सेवा करायच्या लेखी हमीवर, येणारी मुलंमुली वर्षभरच असतात आणि त्यांचं लक्ष पदव्युत्तर प्रवेशाकडे असतं. त्यांना नावं ठेवू नका. तमिळनाडूने सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागांत ५० टक्के वाटा ठेवला, त्यामुळे तिथल्या खेड्यातल्या नोकरीला पुढे वाट आहे. केरळने २०१७ पासून ‘आर्द्रम’ या आरोग्य योजनेत प्राथमिक केंद्रांची कुटुंब आरोग्य केंद्रं करताना डॉक्टर आणि परिचारिकांची पदं वाढवली आणि बाह्यरुग्ण विभाग संध्याकाळी सहापर्यंत चालवायचं ठरवलं. मजुरीवर जाणाऱ्या माणसाला ती संध्याकाळ फार मोलाची आहे. आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, ते चांगलंच झालं. पण खुर्चीत डॉक्टर नसेल तर मोफत केसपेपरचा काय उपयोग?

आता तुमच्या गावाचं. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागा की आकृतिबंधाप्रमाणे, म्हणजे मंजूर पदांच्या सरकारी तक्त्याप्रमाणे, पदं किती मंजूर, किती भरलेली आणि प्रतिनियुक्तीवर कोण. प्रतिनियुक्ती हा शब्द विसरू नका. कित्येकदा कागदावर पद भरलेलं असतं, पगारही तुमच्या केंद्रावर निघतो आणि माणूस दुसऱ्याच ठिकाणी काम करत असतो. प्रतिनियुक्ती रद्द करा, असा ग्रामसभेचा ठराव जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेला तर त्याला वजन येतं. उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करा. रुग्ण कल्याण समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि किती रक्कम शिल्लक आहे हेही विचारा. नाहीतर शिल्लक पैशातून मार्चअखेर घाईघाईने खुर्च्या-पडदे घेतले जातात.

तोवर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या आणि तपासणीसाठी तालुक्याला खेटे घालायची गरज नाही, आणि ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सल्ला-सेवेवर ते डॉक्टरांशी बोलणंही करून देतात.

आणि ते तीन दिवस येणारे डॉक्टर: त्यांच्याकडे शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त पदभार आहे का, ते भांडायच्या आधी विचारून घ्या. नव्या इमारतीबरोबर क्वार्टर बांधलं का, त्यात पाणी येतं का आणि त्याची किल्ली सध्या कोणाकडे आहे, हे उद्याच जाऊन बघा आणि इथे कळवा. पुढचा अर्ज कसा लिहायचा ते त्यावरून सांगतो.