चौऱ्याऐंशी लक्ष योनी आणि मामाचा डार्विन

प्रिय ईशान,

आजी म्हणते, चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरल्यावर कुठे नरदेह मिळतो. त्यावर मामा म्हणतो, म्हणजे उत्क्रांती आपल्याला डार्विनच्या आधीच ठाऊक होती. हे खरं का, असं तू विचारलंस.

नाही. मामाला सांग हवं तर, पण जेवताना नको.

पुराणातली एक मोजणी अशी: जलचर ९ लाख, झाडंझुडपं २०, कृमिकीटक ११, पक्षी १०, पशू ३० आणि माणसं ४ लाख. बेरीज करून बघ. इथे एकच जीव कर्माप्रमाणे देह बदलत जातो, पुन्हा खालीही घसरतो. डार्विनने १८५९ मध्ये मांडलं त्यात कुणी एकटा जीव वर चढतच नाही. पिढ्यानपिढ्या बारीकसारीक फरक पडतात, परिस्थितीत तगणारे फरक पुढे जातात आणि फांद्या फुटत राहतात. चिंपांझी आपला पणजोबा नव्हे, चुलतभाऊ. त्याची आणि आपली वाट साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. माणूस सगळ्यात वरचा, हे या हिशोबात कुठेच येत नाही. दशावताराची मासा, कासव, वराह ही रांग उत्क्रांतीशी जुळते खरी, पण परशुराम, राम, कृष्ण आले की जीवशास्त्र संपतं. ही जुळणी थिऑसॉफी या गूढवादी चळवळीच्या एक संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी छापली १८७७ मध्ये, म्हणजे डार्विननंतरच.

तुझ्या वर्गातल्या कॅथलिक मित्राची अडचण निराळी आहे. शरीर आधीच्या सजीवांपासून आलं का, याचा अभ्यास करायला पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये मोकळीक दिली. आत्मा मात्र देवच घडवतो, असं बजावलं. सगळी माणसं एका आदामाची लेकरं, हेही त्यांना सोडवेना, कारण मूळ पापाची, म्हणजे आदामाचं पाप प्रत्येकाला जन्मतःच लागतं ही, गोष्ट तिथूनच सुरू होते. आपल्याकडे असं मूळ पाप नाही, म्हणून डार्विनने आपलं फारसं काही मोडलं नाही. मामाला वाटतं तसं आपण जिंकलोही नाही.

मला खरी गंमत षड्रिपूंत वाटते. आजी लोभाला शत्रू म्हणते. उत्क्रांतीचे अभ्यासक म्हणतील, गोड दिसलं की खाऊन घ्यायची ओढ पूर्वजांच्या कामाची असणार, उद्या मिळेल न मिळेल. आता तिसऱ्या मोदकाकडे तुझा हात का जातो, हे ते सांगू शकतात. मागे घ्यावा का, हे त्यांना विचारू नकोस. ते आजीला विचार, आणि तिचं पटलं नाही तर भांड. मीही भांडत आलेय.

तुझी,
आई