आधी प्रश्न लहान कर

'हिंदी महासागरातील सुरक्षा आव्हानं' हा विषय पीएचडीला घेऊ नकोस बाई. समुद्राएवढाच मोठा आहे तो, तीन वर्षं नुसती गटांगळ्या खाशील.

मुंबईतच काय हाताशी आहे ते बघ. मार्च 2024 मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने अपहरण झालेल्या 'रुएन' जहाजावरचे 35 सोमाली चाचे इथे आणून मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले. यात एक नेमका प्रश्न दडलाय: खोल समुद्रात पकडलेल्या परदेशी माणसावर आपलं कोर्ट कोणत्या अधिकाराने खटला चालवतं? त्यासाठी 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराची कलमं 101 आणि 105 मुळातून वाच, मग आपला 2022 चा चाचेगिरीविरोधी कायदा शेजारी ठेव.

कलम 101 मधल्या चाचेगिरीच्या व्याख्येतल्या 'खासगी हेतू' या दोन शब्दांवर मात्र थांब. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज धरलं, कारण राजकीय सांगितलं. मग ती चाचेगिरी म्हणायची का? अभ्यासक इथे भांडतात. तुला हवी ती फट हीच.

कात्रणं जमवत बसू नकोस. माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं. सोमालियाजवळच्या चाचेगिरीवरचा सुरक्षा परिषदेचा 2008 चा ठराव 1816 मूळ शब्दांत वाच. आणि सिप्री या स्टॉकहोमच्या संशोधन संस्थेचे शस्त्रव्यवहाराचे आकडे वापरलेस तर लक्षात ठेव, ते डॉलर दिसले तरी किंमत नव्हे, शस्त्रांच्या क्षमतेवरून काढलेलं मोजमाप असतं. व्हायव्हात हमखास विचारतात.